स्वच्छ दिसणारे पाणी : सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यापीठीय अभ्यासाविषयी

शाळेची स्मरणिका निघणार असल्याचे कळले आणि माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या अभ्यासविषयाची ओळख पालकांना व विद्यार्थ्यांना करून द्यावी, असा संपादक मंडळाचा निरोप आला. या शाळेच्या वेगवेगळ्या तुकड्यांतून बाहेर पडून पुढे महाविद्यालयात व विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेले आम्ही काही जण आहोत. बारावीनंतर हा विषय घेत असल्याचे सांगितले, तेव्हा आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी एकच प्रश्न विचारला गेला : "म्हणजे डॉक्टर होणार का?" 'नाही' म्हटल्यावर घरात पसरलेली शांतता आम्हांला अजून आठवते. त्या वेळी आम्हांला नीट देता न आलेले उत्तर आज देण्याचा हा प्रयत्न आहे.

विषयाची ओळख

नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सजीवांचा अभ्यास म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्र. जिवाणू, विषाणू, बुरशी, यीस्ट, आदिजीव, सूक्ष्म शैवाल हे सारे या शास्त्राच्या कक्षेत येतात. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू सुमारे दोन मायक्रोमीटर लांबीचा असतो. म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर असे पाचशे जिवाणू एकापुढे एक मावतील. अन्न आणि ऊब अनुकूल असेल तर तो वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. या वेगाने एका जिवाणूपासून सात तासांत वीस लाखांहून अधिक जिवाणू तयार होऊ शकतात. सकाळी शिजवलेला भात उन्हाळ्यात संध्याकाळी आंबतो, याचा उलगडा या साध्या गुणाकारात आहे.

मात्र सूक्ष्मजीव म्हणजे रोगजंतू, ही समजूत अपुरी आहे. दुधाचे दही करणारे, इडलीचे पीठ फुगवणारे, शेणखत कुजवणारे, तूर-हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींत राहून हवेतील नायट्रोजन पिकाला मिळवून देणारे, हे सर्व सूक्ष्मजीवच आहेत. २०२० च्या जून महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा त्याबद्दल नाना तर्क लढवले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याची तपासणी करून सांगितले की, खारट पाण्यात वाढणाऱ्या आणि गुलाबी रंगद्रव्य तयार करणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला होता.

या सृष्टीचे पहिले दर्शन घडवणारा मनुष्य विद्यापीठात शिकलेला नव्हता. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा आंतोनी व्हान लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी. त्या काळी विद्वानांची भाषा लॅटिन होती; त्याला ती येत नव्हती. त्याने स्वतः घासून तयार केलेल्या भिंगांतून पाण्याचे थेंब पाहिले आणि १६७६ मध्ये आपली निरीक्षणे मातृभाषेत, डच भाषेत, लिहून लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली. पुढे १६८० मध्ये त्याच सोसायटीने त्याला आपला सदस्य करून घेतले. मराठी माध्यमातून आलेल्या आम्हा विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी इंग्रजी पुस्तके हाती पडल्यावर जी धास्ती वाटत असे, ती कमी करण्यास ही हकिगत फार उपयोगी पडली.

प्रयोगशाळेतील शिस्त

या अभ्यासाचे निम्मे शिक्षण वर्गात आणि निम्मे प्रयोगशाळेत होते. पहिली महत्त्वाची गोष्ट शिकवली जाते ती निर्जंतुकीकरणाची. ऑटोक्लेव्ह नावाचे यंत्र म्हणजे मोठा कुकरच. त्यात दाबाखाली वाफ कोंडून १२१ अंश सेल्सिअस तापमान पंधरा ते वीस मिनिटे राखले जाते, कारण काही जिवाणूंचे बीजाणू नुसत्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत. त्यानंतर तारेची लूप ज्योतीत लाल होईपर्यंत तापवणे, ती निवू देणे, नळीच्या तोंडावरून ज्योत फिरवणे, पेट्री डिशचे झाकण गरजेपुरतेच उचलणे, ही हालचाल हाताला इतकी सवयीची व्हावी लागते की बोलता बोलताही ती चुकू नये.

जिवाणू वाढवण्यासाठी लागणारे अगार हे माध्यम समुद्री शैवालापासून मिळते. प्रयोगशाळेत ते आले स्वयंपाकघरातून. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेतील वाल्टर हेसे यांची जिलेटिनची माध्यमे उन्हाळ्यात वितळत असत. त्यांच्या पत्नी फॅनी हेसे यांना मुरंबे व जेली घट्ट करण्यासाठी वापरले जाणारे अगार माहीत होते. ते त्यांनी सुचवले. ही १८८१-८२ च्या सुमाराची गोष्ट. आजही जगातील प्रत्येक सूक्ष्मजीव-प्रयोगशाळेत त्या गृहिणीचे ज्ञान रोज उपयोगात येते.

नंतर येते ग्रॅम अभिरंजन. डेन्मार्कचे हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत. काचपट्टीवर जिवाणूंचा पातळ थर द्यायचा, त्यावर जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुणे आणि शेवटी सॅफ्रॅनिनचा गुलाबी रंग. ज्यांची पेशीभित्तिका जाड असते ते जिवाणू जांभळा रंग सोडत नाहीत. बाकीचे गुलाबी दिसतात. अल्कोहोल काही क्षण जास्त राहिले तरी निष्कर्ष उलटा येऊ शकतो. म्हणून विद्यार्थ्याला घाई आणि अंदाज या दोन्ही सवयी सोडाव्या लागतात.

ही शिस्त का, याचे उत्तर एका दुःखद घटनेत आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी प्लेगची लस टोचल्यानंतर एकोणीस जण धनुर्वाताने दगावले. लस ज्यांनी शोधली त्या वाल्देमार हाफकिन यांच्यावर ठपका ठेवण्यात आला. पुढे निष्पन्न झाले की, हे सर्व जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते आणि ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर तापवून निर्जंतुक केला गेला नव्हता. हाफकिन यांना दोषमुक्त व्हायला १९०७ साल उजाडले. जमिनीवर पडलेला एक चिमटा एकोणीस प्राण घेऊ शकतो आणि एका निर्दोष माणसाची पाच वर्षेही. आमच्या प्राध्यापकांनी ही घटना पहिल्याच महिन्यात सांगितली होती.

आपल्या विहिरीचे पाणी

आता एक अनुभव. हा ज्या शाळेचा आहे, तिच्याच स्मरणिकेत तो सांगावा की नाही, याचा आम्ही विचार केला. सांगावा, असे ठरले.

पदवीच्या दुसऱ्या वर्षी पाण्याची जिवाणू-तपासणी शिकवली जाते. प्रत्येकाने आपल्या परिसरातील पाण्याचा नमुना आणायचा होता. आमच्यापैकी दोघांनी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शाळेत येऊन वसतिगृहाच्या विहिरीचे पाणी निर्जंतुक बाटलीत घेतले आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत नेले. ही विहीर समाजबांधवांनी श्रमदानाने खोदलेली. तिचे पाणी नितळ, चवीला गोड. ते चांगलेच निघणार, याबद्दल आम्हांला शंका नव्हती.

या चाचणीत मॅकॉन्की नावाच्या जांभळ्या द्रवाच्या नळ्यांत ठरावीक मापाने पाणी घालतात. प्रत्येक नळीत एक छोटी नळी उपडी ठेवलेली असते. पाण्यात कोलिफॉर्म गटाचे जिवाणू असतील तर ते द्रवातील दुग्धशर्करा आंबवतात. आम्लामुळे जांभळा रंग पिवळा होतो आणि उपड्या नळीत वायूचा बुडबुडा साठतो. दोन दिवसांनी आम्ही पाहिले, तेव्हा दहा मिलिलिटर पाणी घातलेल्या पाचही नळ्या पिवळ्या झाल्या होत्या आणि पाचही नळ्यांत वायू होता. पुढील चाचणीत थाळीवर धातूसारखी हिरवी चमक असलेल्या वसाहती उगवल्या. त्या ई. कोलायच्या होत्या. ई. कोलाय माणसांच्या व जनावरांच्या आतड्यांत असतो. तो पाण्यात सापडणे म्हणजे त्या पाण्यात विष्ठा मिसळत असल्याची खूण. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार शंभर मिलिलिटर पाण्यात तो एकही आढळता कामा नये.

दर पावसाळ्यात वसतिगृहातील मुलांची पोटे बिघडत. आमच्याही वेळी बिघडत. त्याचा दोष नेहमी स्वयंपाकघरातील मावशींवर येई. भाजी नीट धुतली नसेल, पीठ शिळे असेल, हात अस्वच्छ असतील. मावशी उत्तर देत नसत. आम्हीही जेवताना त्यांना बोल लावलेले आहेत.

रविवारी आम्ही अधीक्षक सरांना निकाल दाखवला. त्यांनी कागद दोनदा वाचला. विहिरीच्या खोदकामात त्यांनी स्वतः घमेली वाहिली होती. ते एवढेच म्हणाले, "खात्री आहे का?" आम्ही म्हणालो, "सर, पुन्हा तपासू. आमच्या हातून चूक झाली असेल." दुसऱ्यांदा नमुना घेतला आणि त्याच वेळी एक नमुना शासकीय प्रयोगशाळेतही पाठवला. दोन्हींचा निष्कर्ष तोच आला. मग शोध सुरू झाला. नव्या शौचालयांचा शोषखड्डा विहिरीच्या फार जवळ, वरच्या अंगाला होता. पावसाळ्यात भूजल वर येई आणि खडकाच्या भेगांतून घाण विहिरीत झिरपत असे. खड्डा हलवण्यात आला, विहिरीत टीसीएल टाकणे सुरू झाले. क्लोरीन पाण्यात मिसळल्यानंतर किमान अर्धा तास थांबावे लागते आणि त्यानंतरही लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा लागतो. तो पाहण्यासाठी ओ. टी. चाचणी शिकवली गेली. पुढच्या नमुन्यातील सर्व नळ्या जांभळ्याच राहिल्या.

येथे एक मर्यादाही नमूद करणे आवश्यक आहे. आमच्या चाचणीने पाणी दूषित आहे एवढेच सिद्ध झाले. कोणत्या मुलाचे पोट नेमके कशाने बिघडले होते, हे सिद्ध झाले नाही. शास्त्र जेवढे दाखवते तेवढेच म्हणावे, हाही या अभ्यासाचा एक धडा आहे. तरीही मावशींवर वर्षानुवर्षे आलेला आळ पुराव्याशिवायचा होता, हे मात्र स्पष्ट झाले. आम्ही त्यांची क्षमा मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "पोरांनो, ते पाणी मीपण पीत होते."

शुद्धता म्हणजे काय

या अनुभवाने 'शुद्ध' या शब्दाकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली. आपल्या समाजाच्या इतिहासात या शब्दाने फार मोठा अन्याय केला आहे. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तो संग्राम समान हक्काचा होता. त्यानंतर सनातन्यांनी तळे बाटले म्हणून शेण, गोमूत्र, दूध व दही यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतून त्याचे 'शुद्धीकरण' केले. सूक्ष्मजीवशास्त्राचा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही सांगू शकेल की, माणसाने ओंजळ भरल्याने पाण्यात जे येत नाही, ते शेणामुळे नक्की येते. आतड्यातील जिवाणू पाण्यात मिसळणे यालाच हे शास्त्र दूषित होणे म्हणते. नळीतील जिवाणूला कोणाची जात कळत नाही. आणि आपल्या विहिरीच्या बाबतीत त्याने आपल्या श्रद्धेचाही मुलाहिजा ठेवला नाही.

तथागतांच्या शिकवणीशी हे सारे सुसंगत आहे. केवळ परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले म्हणून मानू नये, पारखून घ्यावे, हा कालामांना केलेला उपदेश आपण शाळेत शिकलो. भिक्खूच्या आठ आवश्यक वस्तूंत पाणी गाळण्याचे साधन आहे. पाण्यातील जिवांना इजा होऊ नये, हा त्यामागील हेतू. उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या पाण्यापलीकडेही काही असते, ही जाण त्यात आहे. विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने आजारी पडून स्वतःच्याच मलमूत्रात पडून राहिलेल्या एका भिक्खूची कथा आहे. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणवले आणि दोघांनी मिळून त्याला स्वतःच्या हातांनी धुऊन स्वच्छ केले. आजारी माणूस हा विटाळ नव्हे, ही दृष्टी तेथे आहे.

रोगाचे कारण शोधण्याची पद्धतही याच वळणाची आहे. कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जिवाणू जगापुढे मांडला. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कसोट्या अशा : रोग असेल तेथे तो जिवाणू आढळावा, तो वेगळा करून शुद्ध स्वरूपात वाढवता यावा, त्यापासून निरोगी प्राण्यात तोच रोग व्हावा आणि तेथून तोच जिवाणू पुन्हा मिळावा. त्याआधी १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जिवाणू शोधला होता. तो प्रयोगशाळेतील माध्यमावर अजूनही वाढवता आलेला नाही. म्हणजे कसोट्यांनाही मर्यादा आहेत. पण ज्या रोगाला लोक पूर्वजन्मीच्या पापाचे फळ म्हणत, त्याचे कारण एक जिवाणू आहे आणि औषधाने तो बरा होतो, हे समजल्यामुळे लाखो माणसांना माणसांत परत येता आले.

१८९७ : एकाच वर्षातील दोन घटना

महाराष्ट्राला या शास्त्राचा स्वतःचा इतिहास आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकटला. त्याचा जिवाणू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सँ यांनी शोधला होता. हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधील छोट्याशा जागेत त्यांनी काही महिन्यांत लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या प्रयोगशाळेचे पुढे परळ येथे स्थलांतर झाले आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले.

त्या १० जानेवारीनंतर बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे प्लेगने निधन झाले. पुण्याजवळ त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले आणि त्यातून त्यांना संसर्ग झाला. एकाने रोगाचे कारण जाणून त्यावर उपाय शोधला. दुसरीने, ज्याला कोणी हात लावला नसता अशा मुलाला उचलले. प्रज्ञा आणि करुणा हे शब्द आपण वंदनेच्या वेळी ऐकतो. या दोघांचे स्मरण केले की त्यांचा अर्थ कळतो. आपल्या विद्यार्थ्यांकडून आम्हांला या दोन्हींची अपेक्षा आहे.

पालक व विद्यार्थ्यांसाठी व्यवहाराच्या गोष्टी

बारावी विज्ञान शाखेत जीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला बी. एस्सी. च्या पदवीसाठी हा विषय निवडता येतो. रसायनशास्त्राची भीती असल्यास ती आधीच घालवावी, कारण जीवरसायनशास्त्राशिवाय या विषयात पाऊल पुढे पडत नाही. पुढील वर्षांत आनुवंशिकी, प्रतिकारशक्तिशास्त्र, विषाणुशास्त्र, वैद्यकीय, औद्योगिक, अन्न व मृदा सूक्ष्मजीवशास्त्र आणि संख्याशास्त्र यांचा अभ्यास असतो. प्रात्यक्षिकांना गैरहजर राहून हा विषय उत्तीर्ण होता येत नाही. मुलगा किंवा मुलगी दिवसभर महाविद्यालयात असते, याची पालकांनी जाणीव ठेवावी.

नोकरीच्या संधी औषध व लस उत्पादन, दुग्धशाळा, अन्नप्रक्रिया, पाणी व सांडपाणी तपासणी, रुग्णालयीन प्रयोगशाळा, जैविक खते या क्षेत्रांत आहेत. अन्न सुरक्षा अधिकारी पदाच्या पात्रतेत या विषयाच्या पदवीचा समावेश आहे. पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह, आघारकर संस्था अशी संशोधनाची केंद्रे आहेत. पण खोटी आशा दाखवणे आम्हांला मान्य नाही. केवळ पदवीवर मिळणारी पहिली नोकरी बहुधा अल्प वेतनाची आणि पाळ्यांची असते. या पदवीने रुग्णाच्या तपासणी अहवालावर स्वतंत्रपणे स्वाक्षरी करण्याचा अधिकार मिळत नाही. चांगल्या पदासाठी एम. एस्सी. करावे, संशोधनाची आवड असल्यास सीएसआयआर-नेट परीक्षा द्यावी.

पैशाअभावी शिक्षण थांबू देऊ नये. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना, संशोधनासाठी बार्टीची अधिछात्रवृत्ती, परदेशातील उच्च शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती या योजना आहेत. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला बारावीतच तयार ठेवावा. आमच्यापैकी एकाचे एक वर्ष केवळ वैधता प्रमाणपत्र वेळेत न मिळाल्याने वाया गेले.

समारोप

"म्हणजे डॉक्टर होणार का?" या प्रश्नाचे उत्तर आता असे देता येईल : रुग्ण दवाखान्यात पोहोचण्याच्या आधीच, पाण्यात, दुधात, अन्नात, औषधाच्या बाटलीत जे घडते, त्यावर लक्ष ठेवणारी माणसे समाजाला लागतात. त्यांचे काम बहुधा कोणाला दिसत नाही. साथ आली नाही, एवढाच त्याचा पुरावा असतो.

आपल्या शाळेत स्वयंपाकघराबाहेर एक वही टांगलेली आहे. नववीचे विद्यार्थी आळीपाळीने रोज सकाळी ओ. टी. चाचणी करून पाण्यातील क्लोरीनची नोंद तीत करतात. पहिल्या काही पानांवरील सह्या आमच्या आणि मावशींच्या आहेत. महोत्सवासाठी येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी ती वही अवश्य पाहावी, आणि आपल्या गावी परतल्यावर तेथील विहिरीच्या पाण्याची तपासणी शेवटची केव्हा झाली, हे ग्रामपंचायतीत विचारावे.

नमो बुद्धाय, जय भीम.